मुदत संपेपर्यंत

जिन्यातला दिवा भराभर लागायला आणि विझायला लागला की समजायचं, खाली बोलावणं आलंय. दाराला बेल होती, माझ्याकडे मोबाईल होता, जिन्याखालून नुसती हाक मारली असती तरी मला ऐकू आली असती. पण आमच्या घरमालकीणबाई हाक मारत नसत. त्या दिवा लावत आणि विझवत. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, वायरिंग बिघडलंय. तसं सांगायला म्हणून मी खाली गेलो, तर त्या दारातच उभ्या होत्या.

"किती वेळ बोलावतेय," त्या म्हणाल्या.

गुडगावात तेव्हा नवे सेक्टर वसत होते. एका हिवाळ्यात जिथे मोहरी फुललेली दिसायची तिथे पुढच्या हिवाळ्यात काचेची इमारत उभी असायची. मी सांगलीहून आलेला, मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नवीनच लागलेला. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकाने सांगितलं की एका मराठी बाईंच्या घराची वरची खोली रिकामी आहे, पण बाई जरा वेगळ्या आहेत. वेगळ्या म्हणजे कशा, असं विचारलं तर तो म्हणाला, "जाऊन बघ ना यार. माणूस चांगलं आहे."

मी गेलो तेव्हा ऊन माझ्या पाठीमागे होतं. मी नाव सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं, खांद्याला धरून वळवलं आणि म्हणाल्या, "आधी उजेडात ये, मग बोल." मग गाव विचारलं. सांगली म्हटल्यावर नाव विचारायची त्यांना गरजच वाटली नाही. तेव्हापासून मी 'सांगली' झालो. दूधवाला 'अलवर' होता, इस्त्रीवाली 'छपरा' होती, समोरचे निवृत्त कर्नल 'जालंधर'. मी त्यांना काकू म्हणालो, तर त्यांनी इकडेतिकडे पाहून विचारलं, "काका दिसतोय का कुठे?" लग्न त्यांनी केलं नव्हतं. मग ताई ठरलं. गल्ली त्यांना आंटीजी म्हणायची आणि त्या गल्लीला ओ देत नसत.

साठी उलटलेली, उंच, किडकिडीत बाई. गडद रंगाचा, बिनठिपक्याचा ब्लाउज, हातात बांगडी नाही, बोटात अंगठी नाही. बैठकीच्या खोलीतली एक भिंत पांढरीफटक, तिच्यावर कॅलेंडरसुद्धा नाही. समोर बसलेल्या माणसाने तोंडापुढे हात धरून बोललेलं त्यांना खपत नसे. घास तोंडात घेऊन बोललं तर त्या बोलणं मनावरच घेत नसत. मला वाटायचं, बाईंना मुळात जगण्यातली मजाच माहीत नाही.

सरकारी बांधकाम खात्यात त्यांनी सगळी नोकरी नकाशे काढण्यात घालवली होती. पदाचं नाव ड्राफ्ट्समन. निरोपसमारंभात कोणीतरी मानपत्रावर 'ड्राफ्ट्सवुमन' लिहिलं, तर त्यांनी ते तिथल्या तिथे खोडायला लावलं होतं. नेमणूक ड्राफ्ट्समनची होती, निवृत्तीही ड्राफ्ट्समनचीच होणार. त्यांच्या तोंडी एक वाक्य सतत असायचं: "कागदावर आहे ना? मग ते जमिनीवर पाहिजे." भाजीपासून सरकारपर्यंत कशालाही त्या ते लावत.

गल्लीच्या टोकाला मंजूर नकाशात बाग होती. जमिनीवर मात्र बिल्डरने पत्र्याचं विक्री-कार्यालय ठोकलं होतं. गल्लीतले लोक मीटिंग घेत, समोसे खात आणि घरी जात. ताईंनी नकाशाची मोठी प्रत काढली, घरातली वेताची खुर्ची उचलली आणि त्या कार्यालयाच्या दारात नेऊन मांडली. फ्लॅट बघायला येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला त्या अगदी शांतपणे नकाशा दाखवत आणि सांगत, "आप अभी गुलाब की क्यारी में खड़े हैं." आवाज चढवणं नाही, घोषणा नाही. अख्खा उन्हाळा त्या बसल्या. पावसाळ्याआधी पत्रे उतरले. बाग झाली, म्हणजे दोन बाक आणि करड्या गवताचा एक तुकडा. ताई तिथे कधीच बसायला गेल्या नाहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मला बागेत करमत नाही. पण नकाशात होती."

हा नियम त्या स्वतःलाही लावत. मला खोली देताना त्या बोलून गेल्या होत्या की तीन वर्षं भाडं वाढवणार नाही. मेट्रो आली, आसपासची भाडी कुठल्या कुठे गेली. एजंट येऊन त्यांना समजावून गेला. त्यांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, बोलून झालंय.

संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरून आलो की त्यांच्या खिडकीतून मला एक विचित्र दृश्य दिसायचं. ताई पांढऱ्या भिंतीला पाठ करून बसलेल्या, समोर टेबलावर लॅपटॉप, डोक्यावर दिव्याचा लख्ख उजेड, आणि त्यांचे हात हवेत चाललेले. कधी छातीवर थाप, कधी बोटांची चिमूट, कधी दोन्ही तळवे एकमेकांवर आपटलेले. मला वाटलं, कोणता तरी योगाचा प्रकार असेल. मग एकदा त्या हसताना दिसल्या. खळखळून, डोळे पुसत. असं हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात जिन्यातला दिवा लागला-विझला आणि त्यांनी मला खाली बोलावून पडद्यासमोर उभं केलं. पडद्यावर त्यांच्यासारखीच उंच, पण गुबगुबीत बाई होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हातांनी काहीतरी विचारलं.

"माझी बहीण," ताई म्हणाल्या. "अमरावतीला असते. विचारतेय की हा जेवतो का नीट."

मग हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी मला सगळं कळलं. वडील केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून, घर दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. धाकटी जन्मापासून ऐकू न येणारी. मूकबधिरांची शाळा लांब होती आणि आईला तिला एकटीला बसमध्ये घालायचा धीर होत नव्हता. तेव्हा शाळेत जाईपर्यंत बरीच वर्षं ती घरीच राहिली आणि त्या काळात या दोघी बहिणींनी आपसात एक बोलणं तयार केलं. चष्म्याची दांडी सारखी करण्याची खूण म्हणजे बाबा. तळव्यावर मूठ आपटली की सरकार, म्हणजे शिक्का. पंखा फिरवल्यासारखं बोट म्हणजे उन्हाळा, आणि तेच बोट नाकापाशी नेलं की शेजारच्या सरदारीणबाई, कारण त्या उन्हाळ्यात फार चिडत. ते बोलणं कुठल्या शाळेत शिकवलेलं नव्हतं, कुठल्या पुस्तकात नव्हतं. आईला थोडं येत होतं. आई गेल्यावर ते दोघींपुरतं उरलं.

धाकटीचं लग्न होऊन ती अमरावतीला गेली. नवरा शिंपी, त्यालाही ऐकू येत नव्हतं. त्याच्याशी ती शाळेतल्या खुणांनी बोलायची. तो वारल्यावर ती दिराच्या घरात राहायला लागली. वर्षानुवर्षं दोघी बहिणी एकमेकींना पत्रं लिहीत. पण लिहिलेलं मराठी धाकटीला परकं होतं. ताई सांगत, "पत्रात ती कोणी दुसरीच बाई असायची. मी ठीक आहे, तू ठीक आहेस का, पाऊस पडला. आणि समोर आली की पाच मिनिटांत अख्ख्या मोहल्ल्याच्या नकला." कॅमेऱ्याचा लॅपटॉप घरात आला तेव्हा त्यांना आपली बहीण परत मिळाली. म्हणून ती मोकळी भिंत, म्हणून गडद ब्लाउज. हात उठून दिसायला हवेत.

आणि आता धाकटीचे डोळे जात होते. आधी संध्याकाळी दिसेनासं झालं, मग बाजूचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे थांबत नाही, किती वर्षं लागतील तेही सांगता येत नाही. ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या भांडी पुसत होत्या. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे तोंड करूनच बोलणारी ही बाई त्या वेळी माझ्याकडे पाठ करून बोलली.

आमच्या सेक्टरला तारेचं इंटरनेट धड नव्हतं; रोज कोणीतरी काहीतरी खणायचा आणि केबल तुटायची. म्हणून ताईंनी मॉलमधल्या एका मोबाईल कंपनीच्या स्टॉलवरून लॅपटॉपला लावायचं डेटा कार्ड घेतलं. तिथे मी बरोबर होतो. विकणाऱ्या मुलीला त्यांनी उजेडात उभं केलं आणि सगळं वदवून घेतलं. वर्षभराचे पैसे आधी भरायचे, दर महिन्याला ठरलेला डेटा, तो संपेपर्यंत पूर्ण स्पीड. ताईंनी पुन्हा विचारलं, वर्षभर हे असंच राहणार ना, मध्येच कमी तर होणार नाही? मुलगी गोड हसून म्हणाली, "बिल्कुल नहीं होगा मैम." ताईंनी छापील पत्रकावर तिची सही घेतली.

काही महिने छान गेले. मग एक एसएमएस आला. सर्वांना चांगली सेवा मिळावी म्हणून योग्य वापराचं धोरण लागू करत आहोत, असं त्यात होतं. त्याचा अर्थ पुढच्या महिन्यात कळला. महिन्याचा डेटा निम्म्यावर आणला होता. तो संपला की स्पीड इतका उतरायचा की पडद्यावरची बहीण थिजून जायची. हात अर्ध्यावर लटकलेला, चेहरा चौकोनी तुकड्यांचा. मग एकदम चार खुणा गळून पुढचीच दिसायची. ऐकणाऱ्या माणसांना आवाज तुटला तरी अंदाज बांधता येतो. इथे हात तुटला की शब्दच गेला.

कस्टमर केअरला फोन लावायचं काम सुरू झालं. ताई फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाक करत. समोरून कोणी आलं की त्या आधी गाव विचारत. मुलं बिचारी गोंधळत आणि सांगून टाकत. "बरं, मुरादाबाद, ऐका," अशी सुरुवात करून त्या सगळं पहिल्यापासून सांगत. एका मुलाने त्यांना सांगितलं की मॅडम, बोलायचंच आहे तर आम्ही तुम्हाला टॉकटाइम फुकट देतो, मनसोक्त बोला. ताईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ पोळी लाटत राहिल्या.

मी त्यांना व्यवहाराची गोष्ट सांगितली. वरचा डेटा विकत घेऊन टाका, बोलणं चालू ठेवा, भांडण बाजूला चालू राहील. गोष्ट मलाच काय, कोणालाही पटण्यासारखी होती. ताईंनाही पटली असावी, कारण त्या रात्रीच्या जेवणाआधीच त्यांनी ती बहिणीला विचारली. महिन्याची सुरुवात होती, चित्र चांगलं होतं. मी तिथेच होतो. धाकटीने सगळं पाहून घेतलं, मग एक हात स्वतःच्या डोळ्यांपाशी नेला, छातीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने ठाम नकार दिला. ताईंनी मला अर्थ सांगितला, "म्हणतेय, डोळे माझे आहेत, मी ठरवणार. जे आपलं आहे ते पुन्हा विकत घ्यायचं नाही. भांड." आणि धाकटीने त्या कंपनीसाठी नवी खूण पण काढली. दोन बोटांची कात्री करून हवेतली चिंधी कापायची. दोघी हसल्या.

तेव्हापासून डेटा पुरावा म्हणून बोलणं दिवसाआड झालं, मग आठवड्याला एकदा.

कंपनीचं मोठं कार्यालय गुडगावातच होतं, काचेच्या नव्या इमारतींपैकी एकीत. तक्रारींच्या वर अपील ऐकणारा एक अधिकारी तिथे बसतो, असं ताईंनी शोधून काढलं. तो भेटत नाही, मेल करा, असं उत्तर मिळालं. मेल केले, मीच टाइप करून दिले. त्यांना एकाच मजकुराची उत्तरं येत राहिली, खाली नावं तेवढी वेगळी. मग एका सकाळी मी बससाठी निघालो, तर ताई कडक इस्त्रीची साडी नेसून, खांद्याला लॅपटॉप अडकवून फाटकात उभ्या.

"तिथे सोफे आहेत," त्या म्हणाल्या. "खुर्ची न्यायला लागत नाही."

त्या रोज जाऊन बसायला लागल्या. संध्याकाळी मला बातम्या मिळत. स्वागतकक्षातल्या मुली पहिल्यांदा घाबरल्या, मग सरावल्या. रखवालदाराचं गाव एटा. भिंतीवर आग लागल्यावर बाहेर पडायचा नकाशा लावलेला होता. ताईंनी सवयीने तो वाचला आणि त्यात दाखवलेला दरवाजा शोधायला गेल्या. दरवाज्यापुढे कंपनीच्या जाहिरातींचे पुठ्ठे रचलेले होते. त्यांनी एटाला ते दाखवलं आणि दोघांनी मिळून पुठ्ठे हलवले. "इथे सगळीकडे तेच आहे," त्या मला म्हणाल्या. "कागदावर दार आहे."

पण महत्त्वाची गोष्ट दुसरीच घडत होती. त्या सोफ्यावर तक्रार घेऊन येणारे इतरही लोक बसत. त्यातले काही वर्षभराच्या त्याच प्लॅनचे होते. एक घरून काम करणारी मुलगी, एक शिकवण्या घेणारे मास्तर, मुलगा परदेशात असलेलं एक म्हातारं जोडपं. प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्याच बाबतीत झालंय. ताईंनी दूरसंचार नियामकाचा नियम छापून नेला होता: मुदतीचे पैसे आधी घेतले असतील, तर मुदत संपेपर्यंत ग्राहकाचा तोटा होईल असा बदल करता येत नाही. तो नियम त्या प्रत्येकाला वाचायला देत आणि विचारत, तुमची मुदत कधीपर्यंत आहे? मग ती माणसं उठून न जाता बसून राहायला लागली. सोफे कमी पडायला लागल्यावर अधिकाऱ्याने भेटायची वेळ दिली.

मी त्या दिवशी रजा टाकली. अधिकारी तरुण होता, सभ्य होता, कानपूरचा निघाला. त्याने आम्हाला पाणी दिलं, कॉफी मागवली आणि तयार उत्तर सांगितलं. प्लॅनचे दर कंपनीने बदललेलेच नाहीत. पैसे तेच, मुदत तीच. वापराची मर्यादा हा वेगळा विषय आहे आणि अटींमध्ये तो बदलायचा अधिकार कंपनीने राखून ठेवलाय.

ताई हिंदीत बोलत होत्या, सावकाश. त्या म्हणाल्या की हा मुलगा माझा भाडेकरू आहे. याला मी खोली, स्वयंपाकघर आणि गच्ची दिलीय. उद्या मी भाडं तेच ठेवलं आणि गच्चीला कुलूप घातलं, तर भाडं वाढवलं नाही असं मला म्हणता येईल का?

अधिकारी हसला. म्हणाला, मॅडम, तुमचा मुद्दा मला समजतो. पण महिन्याच्या उरलेल्या दिवसांतही इंटरनेट बंद होत नाही, फक्त सावकाश चालतं. मेल जातात. मेसेज जातात.

"कानपूर," ताई म्हणाल्या, "इकडे या. उजेडात बसा."

आपण काय करतोय हे कळायच्या आत तो उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. ताईंनी लॅपटॉप उघडला, डेटा कार्ड लावलं. महिना संपत आलेला, डेटा कधीच संपलेला. अमरावतीला त्यांनी वेळ कळवून ठेवली होती. बऱ्याच वेळाने धाकटी पडद्यावर आली. तिने दिवा अगदी तोंडाजवळ ओढून घेतला होता. तिने ताईंना पाहिलं, तिचा चेहरा उजळला, हात वर आले, आणि तिथेच थांबले. चित्र गोठलं. मग चौकोन झाले. मग हात एकदम खाली, मांडीवर. मधलं काही नाही. ती पुन्हा सांगायला लागली. पुन्हा हात वर, पुन्हा चौकोन. खोलीत फक्त एसीचा आवाज होता, कारण त्या बोलण्याला आवाजच नव्हता. धाकटी पडद्याकडे वाकून, डोळे बारीक करून बघत होती. तिलाही ताई तुकड्यांतच दिसत असणार.

अधिकाऱ्याने हळूच विचारलं, "क्या कह रही हैं?"

"मुझे भी नहीं पता," ताई म्हणाल्या. "यही दिखाने आई हूँ."

मग त्यांनी त्याला बहिणीच्या डोळ्यांबद्दल सांगितलं, दोन वाक्यांत. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. त्या म्हणाल्या की तुमची मुदत वर्षाची आहे, तिची किती आहे ते कोणालाच माहीत नाही. म्हणून मला सहानुभूती नको, ठरलेलं पाहिजे.

त्याने लॅपटॉप स्वतः बंद केला. कॉफी तशीच राहिली.

पाच-सहा दिवसांनी मेल आला की तुमची परिस्थिती लक्षात घेऊन, खास बाब म्हणून, तुमचा डेटा पूर्ववत करत आहोत. मी आनंदाने ओरडतच खाली गेलो. ताईंनी मेल वाचला, मला परत वाचायला लावला आणि विचारलं, "यात 'खास बाब' का लिहिलंय?"

मी म्हणालो, ताई, मिळालं ना तुम्हाला. त्या म्हणाल्या, "मी मागितलं ते हे नाही. सोफ्यावरच्यांचं काय?"

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तिथे जाऊन बसल्या. मला हे फार लागलं. मला वाटलं, तत्त्वापायी ही बाई बहिणीचे दिवस वाया घालवतेय. मी तसं बोललोही, बऱ्यापैकी कडक शब्दांत. ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या की डेटा चालू झालाय, तो मी वापरणार, रोज बोलणार. फक्त दिवसा तिथे बसणार. दोन्ही गोष्टी एका दिवसात मावतात. आणि खरंच त्या दिवसभर सोफ्यावर आणि संध्याकाळी भिंतीपुढे, अशा बसायला लागल्या. म्हातारं जोडपं त्यांच्यासाठी डबा आणायचं. मास्तरांनी प्रत्येकाकडून मुदतीची तारीख लिहून घेऊन एक अर्ज नियामकाकडे पाठवला. कंपनीच्या माणसांनी वेगवेगळ्या प्रकारे सांगून पाहिलं. एकदा तर पोलिसाला बोलावलं. पोलिसाने विचारलं, बाईंनी काय केलं? कोणालाच सांगता येईना. त्यालाही ताईंनी नियम वाचायला दिला.

नियामकाकडून कंपनीला विचारणा गेली, का कानपूरने आतून काही लिहिलं, का दोन्ही, ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण एका दुपारी कारखान्यात माझ्या फोनवर ताईंचा एसएमएस आला, त्यांनी मला पाठवलेला पहिला आणि शेवटचा. 'सगळ्यांना मिळालं. मुदत संपेपर्यंत.' कंपनीने जुन्या वार्षिक ग्राहकांना कळवलं होतं की तुमचा मूळ डेटा मुदत संपेपर्यंत तसाच राहील.

पुढचे महिने त्या दोघी रोज बोलल्या. मी वर जाताना खिडकीतून बघायचो. ताईंच्या खुणा बदलत चालल्या होत्या. आधी हात खांद्यांबाहेर, डोक्यावर, कमरेपाशी फिरायचे. आता ते तोंडाजवळ, ओंजळीएवढ्या जागेत आले. धाकटीला तेवढंच दिसत होतं. ताईंनी टेबल स्वतःपासून लांब सरकवलं, मग आणखी लांब, म्हणजे त्या सबंध तिच्या नजरेत मावतील. भिंतीला त्यांनी माझ्याकडून काळा कपडा ठोकून घेतला. बोलणं जुन्या दिवसांचंच असायचं बहुतेक. सरदारीणबाई, क्वार्टरमधला नळ, बाबांची सायकल. एकदा मला खाली बोलावून त्यांनी सांगितलं की लहानपणी हरवलेलं एक मांजर खरं म्हणजे धाकटीनेच दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला हिंदूरावच्या टेकडीवर राहणाऱ्या मावशीबरोबर पाठवून दिलं होतं, आणि ते तिने इतक्या वर्षांनी आज कबूल केलं. ताई खूप रागावलेल्या होत्या आणि खूप खूश होत्या.

वर्ष संपायला आलं तेव्हा कंपनीचा फोन आला. प्लॅन पुढे चालू ठेवायचा का, जुन्या ग्राहकांसाठी चांगली योजना आहे, असं एक मुलगा सांगत होता. ताई त्याला नेहमीसारखं गाव विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं नाही. "नहीं बेटा," त्या म्हणाल्या, "अब उसको दिखता नहीं."

महिन्याभरात त्यांनी खालचं घर एका कुटुंबाला दिलं आणि अमरावतीला गेल्या. मला मात्र त्याच भाड्यात ठेवून गेल्या. तीन वर्षं व्हायची होती. नवी दिल्ली स्टेशनवर मी सामान चढवलं. त्या म्हणाल्या, "उजेड चालू ठेव जिन्यातला. नवी माणसं आहेत, पडतील."

पुढे बऱ्याच दिवसांनी कारखान्याच्या कामासाठी मी नागपूरला गेलो आणि तिथून वाट वाकडी करून अमरावती गाठली. दुपार होती. दिराच्या घराच्या ओसरीवर दोघी एका खाटेवर समोरासमोर बसल्या होत्या. धाकटीचे दोन्ही तळवे ताईंच्या हातांवर हलके टेकलेले. ताईंचे हात हवेत जातील तिकडे तिचे हात मागोमाग जात होते. मग हात उलटे होत, आणि तिच्या हातांवर ताईंचे हात. आधीपेक्षा ते सावकाश चाललं होतं. मी आलेलो कळूनही ताईंनी मान वर केली नाही. एक बोट दाखवून मला थांबवलं. मी चपला काढून पायरीवर बसलो.

बऱ्याच वेळाने ताईंनी माझ्या येण्याचं तिला सांगितलं असावं. धाकटीने हात पुढे केले. मी जवळ गेलो. तिने माझं कपाळ, नाक, चष्मा, नव्याने ठेवलेल्या मिशा, सगळं चाचपून पाहिलं, मग पोटावर एक चापट मारली आणि वळून ताईंच्या हातांत काहीतरी सांगितलं. ताई हसायला लागल्या. धाकटीही हसली. दोघींना हसू आवरेना.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"तुझं नाव ठेवलंय."

"काय?"

"ते आमच्यातलं आहे," ताई म्हणाल्या आणि आतून चहा घेऊन ये म्हणून मला सांगितलं. मी चहा घेऊन बाहेर आलो तोवर दोघींचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. मी कप खाटेच्या कडेला ठेवले आणि पायरीवर जाऊन बसलो. ते लवकर संपण्याची काही चिन्हं नव्हती.